झुंबर आले, ‘वन्स मोअर’ राहिला

वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या ग्रँड थिएटरमध्ये मार्च २०२५ मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीतिकेचे प्रयोग झाले. त्यांपैकी शनिवारच्या दुपारच्या एका प्रयोगाला मी माझ्या आत्याला घेऊन गेलो होतो. आत्याचे वय शहात्तर. तिची निम्मी हयात गिरगावात गेली आणि साहित्य संघाच्या नाट्यगृहात तिने जेवढी संगीत नाटके पाहिली आहेत तेवढे चित्रपटही मी पाहिलेले नसतील. चाळ पाडल्यावर ती अंधेरी पूर्वेला आमच्या शेजारी राहायला आली. परदेशी संगीतिका पाहण्याची तिची ही पहिलीच वेळ होती आणि परीक्षण लिहायचे तर तिच्या शेजारच्या खुर्चीवरूनच लिहावे, असे प्रयोग संपेपर्यंत माझ्या मनाने घेतले होते.

प्रथम व्यवहाराचे सांगतो. तिकीट स्वस्त नाही. आम्ही दिलेल्या रकमेत शिवाजी मंदिरात पुढच्या रांगेत बसून अख्ख्या कुटुंबाला नाटक दाखवता आले असते आणि मध्यंतरातील बटाटेवड्यांचे पैसेही त्यातच सुटले असते. मेट्रोची ३ क्रमांकाची मार्गिका ऑक्टोबर २०२४ पासून आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी सुरू झाली असल्यामुळे अंधेरीकरांना जाणे सोपे झाले आहे. स्थानकाबाहेर मात्र पहिल्या तीन रिक्षावाल्यांनी ‘एवढ्या जवळचं भाडं परवडत नाही’ असे सांगून मान फिरवली. आत गेल्यावर हा त्रास विसरायला झाला, कारण दोन हजार आसनांचे हे नाट्यगृह खरोखरच मोठ्या प्रयोगासाठी बांधलेले आहे. आम्ही वर बसलो होतो, तरी रंगमंचाचा कुठलाही कोपरा डोळ्यांआड जात नव्हता आणि कुजबुजल्यासारखे म्हटलेले शब्दही स्वच्छ पोहोचत होते. ३१ मार्च २०२३ रोजी हे केंद्र उघडले, त्याच वर्षी मे महिन्यात तेथे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि ऑगस्टमध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’ येऊन गेले. त्याआधी असे दौरे मुंबईला वळसा घालून पुढे का जात, याचे एक कारण या रंगमंचाची उंची पाहिल्यावर लक्षात येते. वरून लोंबकळणारे एवढे नेपथ्य टांगायला आणि फिरवायला लागणारी जागा आपल्या जुन्या नाट्यगृहांत नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. आपले नाटक दुपारी दादरला आणि रात्री ठाण्याला करायचे असते. त्याचे घर घडी करून टेम्पोत बसले पाहिजे.

‘फँटम’चे घर घडी करून बसत नाही, आणि त्याचे आकर्षणही तेच आहे. ९ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये सुरू झालेली ही संगीतिका जानेवारी १९८८ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि तेथे १६ एप्रिल २०२३ पर्यंत तिचे १३,९८१ प्रयोग झाले. संगीत अँड्र्यू लॉइड वेबर यांचे, दिग्दर्शन हॅरॉल्ड प्रिन्स यांचे, नृत्यरचना जिलियन लिन यांची, नेपथ्य आणि वेशभूषा मारिया ब्यॉर्नसन यांची. ब्यॉर्नसन २००२ मध्ये गेल्या, लिन २०१८ मध्ये, प्रिन्स २०१९ मध्ये. तरीही नटीने कुठल्या सुरावर मान वळवायची आणि मेणबत्त्या कुठल्या क्षणी पाण्यातून वर यायच्या, हे त्यांनीच ठरवलेले आहे. या व्यवसायात हक्क दोन प्रकारे मिळतात. नुसती संहिता आणि संगीत घेऊन आपला प्रयोग आपण उभारायचा, हा एक प्रकार. दुसऱ्यात दिग्दर्शन, नेपथ्य, नृत्य, प्रकाश असे सगळे मूळ बरहुकूम घ्यावे लागते; त्याला प्रतिकृती प्रयोग म्हणता येईल. ‘फँटम’ची मालक मंडळी बराच काळ दुसऱ्याच प्रकारावर अडून होती. २००३ मध्ये बुडापेस्टच्या मदाच थिएटरने हंगेरियन भाषेत स्वतःचे नेपथ्य उभारून प्रयोग केला, तो या संगीतिकेचा पहिला स्वतंत्र प्रयोग. मुंबईत आलेला प्रयोग मूळ रचनेवरच उभा होता, भाषा अर्थात इंग्रजी.

त्या रचनेचा पहिला तडाखा आजही चुकत नाही. १९०५ साली पॅरिसच्या ऑपेरागृहातील जुन्या सामानाचा लिलाव चालला आहे. माकडाची आकृती असलेली एक वाजणारी पेटी विकली जाते, मग ६६६ क्रमांकाची वस्तू पुकारतात, ते म्हणजे मोडलेले झुंबर. कापड दूर होते, ऑर्गनचे ते प्रसिद्ध उतरते सूर छातीवर आदळतात आणि झुंबर उजळत प्रेक्षकांच्या डोक्यावर चढू लागते. आमच्या वरच्या रांगेतून ते डोळ्यांच्या पातळीवर येऊन स्थिरावले. आत्याने यासाठी सहलीची दुर्बीण आणली होती, ती तिने खाली ठेवली. पुढे तळघरातील तळे, धुक्यातून सरकणारी नाव आणि दुसऱ्या अंकाच्या आरंभी संपूर्ण जिना भरून उभा राहिलेला मुखवट्यांचा मेळा, हे सगळे चित्रफितीत शंभरदा पाहिलेले असले तरी समोर घडताना वेगळे असते. नाव ज्या सफाईने वळते, त्या सफाईमागे किती तालमी आणि किती रंगमंच कामगार असतील याचा हिशेब मी प्रयोगभर मांडत होतो. पैसे कुठे गेले हे या प्रयोगात डोळ्यांना दिसते, आणि एवढ्या महाग तिकिटाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे.

कथा मुंबईकराला परकी वाटत नाही. ऑपेरागृहाच्या पोटात लपलेला एक विद्रूप, अलौकिक संगीतकार समूहनृत्यातील एका पोरक्या मुलीला आरशामागून गाणे शिकवतो; मुख्य गायिका रुसून निघून जाते आणि बदली म्हणून ही मुलगी उभी राहून मैफल मारून नेते. ऐन वेळी बदली कलाकाराने प्रयोग तारून नेल्याच्या दंतकथांवर तर आपली अर्धी रंगभूमी पोसली आहे. मध्यंतरात आत्या म्हणाली, “अरे, ही तर उलटी ‘कट्यार’ आहे. आपल्याकडे शिष्य लपून शिकतो, यांच्याकडे गुरू लपून शिकवतो.” १९६७ साली रंगमंचावर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’चे तिने किती प्रयोग पाहिले आहेत याची मोजदाद नाही, त्यामुळे तिला ते सुचणारच. पण तुलना मला मनोमन पटली. दोन्हीकडे गळा ही मालमत्ता आहे आणि ती कोणाची, हाच झगडा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे परीक्षण लिहितो आहे, तिच्याकडे येतो. या संगीतिकेत नाटकातली नाटके आहेत. सुरुवातीला ‘हॅनिबल’ नावाच्या भपकेबाज ऑपेराची तालीम दिसते. तीत बेड्या घातलेले गुलाम, कापडी हत्ती आणि आकाशाला भिडणारे सूर आहेत. पुढे ‘इल मुतो’ हा मोत्सार्टच्या धाटणीचा हलकाफुलका प्रकार येतो. ही दोन्ही विडंबने आहेत. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या ऑपेराचा फुगवटा ज्यांच्या कानांत बसलेला आहे, त्यांना पहिल्या चार सुरांतच हसू येते, कारण चेष्टा शब्दांत नसून सुरांत आहे. आमच्या आसपासची मंडळी मात्र ‘हॅनिबल’ अत्यंत गंभीरपणे, हेच खरे उच्च संगीत आहे अशा समजुतीने ऐकत होती आणि शेवटी त्यांनी आदराने टाळ्या वाजवल्या. मीही त्यांच्यातलाच, मला हे विडंबन असल्याचे वाचून ठाऊक होते, ऐकून नव्हे. ‘इल मुतो’त मुख्य गायिकेच्या गळ्यातून बेडकाचा आवाज निघतो तेव्हा मात्र सारे नाट्यगृह खदखदून हसले, कारण बेडूक सगळीकडे सारखाच ओरडतो. याच्या उलट कल्पना करून पाहावी. बालगंधर्वांच्या गायकीची नक्कल करणारा एखादा प्रवेश, त्यातली ती लांबवलेली ‘देवा’ची आळवणी आणि पदराचे टोक सावरणे, साहित्य संघात केला तर लोक खुर्चीतून पडतील; लंडनमध्ये तोच प्रवेश भारतीय संगीताचा उत्तम नमुना म्हणून ऐकला जाईल. झुंबर जहाजातून आणता येते; थट्टा जहाजात चढत नाही.

ही अडचण परदेशी निर्मात्यांना ठाऊक नाही असे नाही, आणि ज्यांनी ती ओळखली त्यांचीच स्थलांतरे जास्त फळली आहेत. ‘ले मिझराब्ल’ १९८० साली पॅरिसमध्ये झाले तेव्हा ह्यूगोची कादंबरी प्रेक्षकांना पाठ होती, म्हणून कथा मधूनच सुरू झाली तरी चालले. १९८५ मध्ये लंडनला ते इंग्रजीत करताना ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड या दिग्दर्शकांनी आरंभी एक पूर्वकथा जोडली. कैदी सुटतो, बिशपची चांदीची भांडी चोरतो आणि बिशप त्याला वाचवतो, हा जो भाग आज सर्वांना त्या संगीतिकेचा प्राण वाटतो, तो मुळात परक्या प्रेक्षकासाठी भरलेली एक गाळलेली जागा आहे. जपानमध्ये शिकी या नाट्यसंस्थेने १९८३ साली ‘कॅट्स’ जपानी भाषेत केले आणि त्यासाठी टोकियोत तंबूचे नाट्यगृह उभारले. जर्मनीतील बोखुम येथे ‘स्टारलाइट एक्सप्रेस’ १९८८ पासून जर्मन भाषेत चालू आहे, आणि तेही खास त्याच संगीतिकेसाठी बांधलेल्या नाट्यगृहात.

फसलेल्या स्थलांतरांची यादीही मनोरंजक आहे. ‘चेस’ लंडनमध्ये १९८६ पासून तीन वर्षे चालले. न्यूयॉर्कला जाताना त्याची संहिता इतकी बदलली की दोन महिन्यांत ते बंद पडले. व्हिएन्नात १९९७ साली गाजलेले रक्तपिपासूंचे नाट्य न्यूयॉर्कमध्ये ५६ प्रयोगांत आटोपले. आपल्या ए. आर. रहमान यांच्या संगीताची ‘बॉम्बे ड्रीम्स’ २००२ मध्ये लंडनच्या अपोलो व्हिक्टोरियात सुरू होऊन जवळजवळ दोन वर्षे चालली. २००४ मध्ये ब्रॉडवेवर नेताना अमेरिकी प्रेक्षकाला समजावे म्हणून तिचे लेखन पुन्हा करण्यात आले आणि २८४ प्रयोगांनंतर पडदा पडला. झोपडपट्टीतला पोरगा नट होण्याची स्वप्ने पाहतो ही कथा लंडनकरांना कळली, कारण तेथे दक्षिण आशियाई प्रेक्षक आधीच घरचा होता. तेव्हा संहिता बदलली की प्रयोग जगतो, असा सोपा नियमही काढता येत नाही. नव्या गावातील माणूस कुठे हसतो आणि कुठे गप्प बसतो, हे बदल करणाऱ्याला आतून ठाऊक असावे लागते.

मराठी रंगभूमी तर अशा आणलेल्या गोष्टींवरच उभी आहे. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ झाले आणि त्यानंतर जे आले ते येथलेच होऊन गेले. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ घ्या. मोलिएरचे १६६० सालचे प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फी यांचे १७६१ सालचे इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचे आधी गद्य आणि १९१६ पासून संगीत रूप, असा त्या वस्तूचा पॅरिस ते पुणे प्रवास आहे. पण फाल्गुनराव, कृत्तिका, आश्विनशेठ, रेवती अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे लेवून ती पात्रे अशी काही उभी राहिली की त्यांचा फ्रेंच पूर्वज आज कोणाला आठवतही नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’त बर्नार्ड शॉच्या फुलवालीला मंजुळा केले, त्या मूळ नाटकाचा पहिला प्रयोगही लंडनला नव्हे, तर १९१३ मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत झाला होता. म्हणजे स्थलांतर त्या नाटकाच्या जन्मपत्रिकेतच होते.

या पार्श्वभूमीवर ‘फँटम’च्या प्रयोगाविषयी माझे मत असे की कारागिरी म्हणून तो जवळजवळ निर्दोष होता, आणि त्याच कारणाने तो कोणत्या गावात चालला आहे याची त्याला काहीच फिकीर नव्हती. नटांचे गाणे उत्तम होते. नायिकेचा वरचा सूर एकदाही डगमगला नाही. नायकाने मुखवट्यामागून नुसत्या हातांच्या बोटांनी जे केले, त्यासाठी मी पुन्हा एकदा तिकीट काढले असते. उत्तरार्धातील दफनभूमीचा प्रवेश मला लांबलेला वाटला, आणि ऑपेरागृहाच्या दोन नव्या मालकांची पत्रांवरून चाललेली हमरीतुमरी शब्द नीट पकडता न आल्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यावरून गेली. पाच-सहा पात्रे एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात, तेथे इंग्रजीत मुरलेला माणूसही चाचपडतो. पण हे दोष लेखनातले आहेत आणि ते १९८६ पासून तसेच आहेत.

बरहुकूम या शब्दाविषयी एक गोष्ट येथे सांगून टाकतो. मूळ लंडनचा प्रयोगही आता मूळ राहिलेला नाही. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये तो थांबला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा २७ वादकांच्या जागी १४ वादक आले, त्यावरून तेथे बरीच ओरडही झाली. तेव्हा आपल्याकडे आलेले ‘खरे’ आणि आपण स्वतः उभारलेले ‘दुय्यम’, ही प्रतवारी जरा सबुरीने करावी. २०१८ मध्ये एनसीपीए या मुंबईतील कलासंस्थेच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये ‘अलादीन’ झाले तेव्हा कलाकार आणि दिग्दर्शन येथलेच होते. त्याच संस्थेत २०१६ साली फिरोज अब्बास खान यांचे ‘मुघल-ए-आझम’ सुरू झाले आणि २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेचा दौरा करून आले. ओझे दोन्ही दिशांनी वाहता येते.

आत्याची तक्रार वेगळीच होती. पहिल्या अंकात गच्चीवरचे प्रेमगीत झाले. नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्या पुढे सरकून बसली, म्हणजे तिच्या परीने तयारीत बसली. टाळ्या ओसरायच्या आत वाद्यवृंद पुढच्या प्रवेशात शिरला होता. “गाणं झालं रे,” ती म्हणाली, “पण ‘वन्स मोअर’ला यांनी जागाच ठेवलेली नाही.” मी तिला समजावले की प्रत्येक दिवा आणि प्रत्येक यंत्र ठरलेल्या मात्रेला बांधलेले असते, आणि गायकाने आणखी एक आवर्तन घेतले तर नाव रिकामीच तळ्यात जाईल. तिला ते पटले, आवडले मात्र नाही. आपल्या नाट्यपदात साथीदार गायकाच्या मागे जातात. रंग चढला तर पाच मिनिटांचे पद पंधरा मिनिटे चालते, आणि त्या दिवशीचा प्रेक्षक कसा आहे हे त्या पंधरा मिनिटांत ठरते. येथे गायक वाद्यवृंदाच्या संचालकाच्या काठीकडे पाहून गातो. संगीत नाटकाचा तो जुना सैलपणा अखेरीस त्याच्या अंगाशी आला, रात्र रात्र चालणारे प्रयोग पुढे कोणाला परवडेनात, हेही खरे आहे. आत्यासमोर मी ते बोललो नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. असा प्रयोग पुन्हा आला तर सर्वांत महाग तिकिटाच्या मागे लागू नये. झुंबर, जिना आणि तळे वरच्या मजल्यावरून अधिक चांगले दिसतात. चेहरे बारीक दिसतात, पण मुख्य चेहरा अर्धा झाकलेलाच असतो. कथानक आधी वाचून जावे आणि गाणी एकदा ऐकून जावीत. लहान मुलांना नेण्यास हरकत नाही, फक्त पहिल्या अंकाच्या शेवटी झुंबर कोसळते तेव्हा त्यांचा हात धरून ठेवावा.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे नाव छापलेले असते. किर्लोस्कर आणि देवलांच्या पिढीने कानडी, लावणी, पारशी, मिळेल तेथून चाली उचलल्या आणि वर प्रामाणिकपणे तसे लिहूनही ठेवले. आत्याच्या डोक्यात तेच चालले असावे. सांताक्रूझ गेल्यावर ती म्हणाली, “त्या गच्चीवरच्या गाण्याला मराठी शब्द बसतील का रे?” आणि अंगठीने समोरच्या दांड्यावर ताल धरून ती आपल्या मनाचे काहीतरी जुळवू लागली. पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीत दोन मात्रा उरत होत्या, त्या कुठे घालायच्या यावर मरोळ नाका येईपर्यंत तिचे हातवारे चालूच होते.